कोहळ्याचे घरचे बी शुद्ध कसे राखावे?

वर्धा जिल्ह्यातील गिरड हे गाव टेकडीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित आहे. या परिसरात, किंबहुना विदर्भात सर्वत्र, लाल भोपळ्याला ‘कोहळे’ म्हणतात. पुण्या-मुंबईकडे मात्र कोहळा म्हणजे दारावर टांगायचे, पेठ्याचे पांढरे फळ. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातील. परंतु भाजी आणि बोंडांच्या रूपाने तो वैदर्भीय स्वयंपाकात पूर्णतः रुळला आहे.

त्याची लागवड अवघड नाही. जून-जुलैत शेणखत मिसळलेल्या आळ्यात दोन-तीन बिया सुमारे दोन सेंटिमीटर खोल टोकाव्यात. काळ्या जमिनीत पाणी साचल्यास बी कुजते, म्हणून आळे उंचवट्यावर करावे. आठवडाभरात अंकुर दिसतो. साधारण चार महिन्यांत साल कडक होऊन देठ वाळला, की फळ देठासह उतरवावे.

खरी कसोटी असते ती पुढील वर्षीच्या बियाण्याची. या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि परागीभवन मधमाश्या करतात. शेजारी संकरित भोपळा असल्यास त्याचेही पराग येऊन मिळतात. यंदाचे फळ मूळ वाणासारखेच दिसते. भेसळ बियांत दडलेली असते व पुढच्या हंगामात उघडी पडते. अनेक वर्षे जपलेले वाण असे नकळत हातचे जाते. बीजोत्पादक यासाठी दोन वाणांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर राखतात. परसबागेत ते शक्य नसते.

त्यावर हाताने परागीभवन हा उपाय आहे. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या नर व मादी कळ्या सायंकाळीच दोऱ्याने बांधाव्यात. मादी कळीखाली इवलेसे फळ असते, त्यावरून ती ओळखता येते. सकाळी लवकर नर फुलाचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी लावून ते पुन्हा बांधावे व देठाला खूण करावी. उशीर झाल्यास फुले मिटतात. पक्व फळ दोन-तीन आठवडे ठेवून बिया धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात.

घरचे बी राखण्याचा व वाटून घेण्याचा शेतकऱ्यांचा हक्क २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. संकरित फळाचे बी मात्र धरू नये. पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात.