डीएनए चाचपणारं प्रथिन

ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे 46 लाख बेसजोड्या असतात. त्यातल्या जेमतेम 21 जोड्यांच्या एका पट्ट्यावर लॅक रिप्रेसर नावाचं प्रथिन बसतं आणि दुग्धशर्करा पचवणारी जनुकं बंद ठेवतं. पेशीत त्याचे रेणू दहाच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात त्यांना नेमकी जागा कशी सापडते, हे बघायला एनएमआर (चुंबकात रेणूची रचना टिपणारं तंत्र) लागतं, आणि एनएमआरच्या आधी भरपूर धुणं-गाळणं.

सुरुवात जिवाणू वाढवण्यापासून. माध्यमात नायट्रोजन फक्त एकाच पदार्थातून द्यायचा: नायट्रोजन-15चं अमोनियम क्लोराइड. ते महाग, म्हणून हात जपून चालवायचा. फ्लास्क पुरेसा गढुळला की प्रथिनाची निर्मिती सुरू करणारं आयपीटीजी घालायचं. गंमत अशी, की आयपीटीजीचं काम होतं तेच मुळी लॅक रिप्रेसरला डीएनएवरून उठवून!

पेशी फोडल्या की भेंडीच्या चिकासारखा तार धरणारा द्रव हाती येतो. ती तार जिवाणूच्या डीएनएची. सोनिकेटरने ती तोडायची, पण बर्फात आणि थांबत थांबत. नाहीतर प्रथिन तापून साकळतं. शिवाय हे प्रथिनच डीएनए धरणारं, त्यामुळे डीएनएचे तुकडे त्याला चिकटून येतात. त्यावर उपाय हेपारिनचा कॉलम. हेपारिनवरही डीएनएसारखाच दाट ऋणभार असतो. प्रथिन त्याला धरून बसतं आणि मीठ वाढवत नेलं की सुटतं. मग 260 आणि 280 नॅनोमीटरला शोषण मोजायचं. 260चा आकडा वरचढ निघाला, तर डीएनए अजून गेलेला नाही, पुन्हा कॉलम.

पूर्ण प्रथिन फार मोठं, म्हणून डीएनए धरणारा टोकाचा साठेक अमिनो आम्लांचा भागच घेतात. चुंबकात नळी सोडली की पडद्यावर ठिपके उमटतात, साधारणपणे प्रत्येक अमिनो आम्लाचा एक. प्रोलीनचा मात्र नाही, कारण त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नसतो. डीएनए थोडा थोडा मिसळत गेलं की काही ठिपके सरकतात, काही पुसट होतात. कुठला भाग डीएनएला भिडला आणि कुठला अजून हलतोय, ते यावरून कळतं.

2004 साली उट्रेख्तच्या कालोडिमोस, बूलेन्स, काप्टाइन आणि सहकाऱ्यांनी याच मार्गाने दाखवलं, की चुकीच्या डीएनएवर प्रथिनाचा बिजागरीचा भाग सैलच राहतो आणि डीएनए सरळ. योग्य क्रम मिळाला की त्या भागाला पीळ बसतो आणि डीएनए सुमारे 36 अंशांत वाकतो. 2007 मध्ये एल्फ, ली आणि शी यांनी जिवंत पेशीत पाहिलं, तर शोधाच्या काळातला जवळपास 90 टक्के वेळ रिप्रेसर कुठल्या ना कुठल्या डीएनएला धरून सरकत असतो.

पुस्तकातलं प्रथिनाचं चित्र बहुधा जागेवर बसल्यानंतरचं असतं. जागेचा शोध मात्र त्याआधीच्या सैल अवस्थेतच चालतो. म्हणून या कामात येणाऱ्या विद्यार्थ्याने ठळक ठिपक्यांइतकाच वेळ पुसट ठिपक्यांना द्यावा.