अंगणातली शाळा

'मला जमेल' हा विश्वास लहान मुलाच्या मनात नुसत्या उपदेशाने उपजत नाही. स्वतःच्या हातांनी केलेल्या कामातून तो उपजतो. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते.

१९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. हीच अंगणवाडी! १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये नेण्यात आले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींनाही शिकता यावे, म्हणून शाळेला पाळणाघराची जोड मिळाली.

शिकण्याची साधनेही परकी नव्हती. खडे, शिंपले, बिया आणि पाने हीच ती साधने. रोज हाताळलेल्या वस्तूंचे भय कसले? खडे मोजता मोजता मूल गणित शिके. 'हे तर मला येते!' असे एकदा मनाला वाटले, की पुढील पाऊल टाकण्याचे धैर्य आपोआप येते.

मुलांनो, धाकट्या भावंडाच्या हातून पाण्याचा पेला सांडला, तर 'तुला काही जमायचे नाही' असे म्हणू नका. पेल्यात थोडे कमी पाणी घाला आणि तो पुन्हा त्याच्याच हाती द्या.