स्वभावविकारांची ओळख

एखाद्याचें वर्तन खटकलें कीं "हा मुळांतच दुष्ट" अथवा "हिचीं सारीं ढोंगें" असें म्हणून आपण मोकळे होतों. शिक्षक या नात्यानें आम्हांकडूनही ही चूक घडली आहे. म्हणून ज्या दोन विकारांविषयीं असा गैरसमज विशेष होतो, त्यांची थोडी माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला विकार सायकोपॅथी. अमेरिकन डॉक्टर हर्वे क्लेक्ली यांनीं १९४१ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला व ग्रंथाच्या नांवांतच त्यास शहाणपणाचा मुखवटा म्हटलें. अशा मनुष्याची वाणी गोड व वृत्ति धीट असते. तो सहज खोटें बोलतो, दुसऱ्याचा उपयोग करून घेतो, आणि कोणाचें कितीही नुकसान झालें तरी त्यास खरा पश्चात्ताप होत नाहीं. कॅनडांतील रॉबर्ट हेअर यांनीं याकरितां २० लक्षणांची कसोटी तयार केली. ती लावण्याचा अधिकार प्रशिक्षित परीक्षकाचा. त्यासही दीर्घ मुलाखत घेऊन जुने कागद तपासावे लागतात.

दुसरा विकार बॉर्डरलाइन. येथें भावनांचा अभाव नसून पूर आहे. आपलीं माणसें आपणांस सोडून जातील ही भीति, आज ज्यास देव मानलें त्यासच उद्यां वैरी मानणें, अनावर क्रोध, मनाची पोकळी, आणि कधीं स्वतःस इजा करणें, हीं त्याचीं लक्षणें. नऊ लक्षणांपैकीं निदान पांच दीर्घकाळ दिसल्याविना डॉक्टर हें नांव देत नाहींत.

समजा, दोघांनीं मित्रावर खोटा आळ घेतला. एकानें तो शांतपणें, स्वार्थासाठीं घेतला. दुसऱ्यानें मित्र दुरावेल या धास्तीनें घेतला, व रात्रभर तो रडत बसला. कृत्य एकच, पण मूळ निराळें.

१९६१ सालीं मार्शा लिनेहॅन ही सतरा वर्षांची मुलगी अमेरिकेंतील हार्टफोर्ड येथील मनोरुग्णालयांत दाखल झाली. ती स्वतःस इजा करी. डॉक्टरांनीं तिला स्किझोफ्रेनिया असल्याचें ठरविलें. पुढें ती मानसशास्त्राची प्राध्यापिका झाली आणि बॉर्डरलाइन रुग्णांसाठीं तिनें नवी उपचारपद्धति घडविली. तींत रुग्णाचें दुःख खरें मानून, तें सोसण्याचीं व वर्तन सुधारण्याचीं कौशल्यें त्यास शिकवितात. २०११ सालीं त्याच रुग्णालयांत लिनेहॅनबाईंनीं स्वतःची ही हकीकत जाहीरपणें सांगितली. त्या मुलीस ढोंगी म्हणून सोडून दिलें असतें, तर केवढी हानि झाली असती!

पालकहो, मुलांच्या एका दिवसाच्या रागावरून किंवा एका लबाडीवरून असलीं नांवें त्यांस देऊं नका. वाढत्या वयांत मन अस्थिर असतेंच. मात्र जो वारंवार फसवितो, त्याच्या गोड शब्दांवर न जातां कृतीवर लक्ष ठेवा, व त्याचे अपराध झांकूं नका. जो भीतीनें बिथरतो, त्यास दिलेला शब्द पाळा. त्याच्या रागास रागानें उत्तर देऊं नका. आणि विद्यार्थी मित्रहो, एखादा सोबती स्वतःस इजा करण्याची भाषा बोलूं लागला, तर तें गुपित म्हणून मनांत ठेवूं नका. त्याच दिवशीं घरीं अथवा शिक्षकांस सांगा. विकारास नांव देणें डॉक्टरांचें काम आहे. वेळेवर त्यांच्यापर्यंत पोंचविणें हें आपलें.