धूर टायरचा, पैसा सोयाबीनचा

यंदाच्या पोळ्याला मी आमच्या भागातल्या एका गावात होतो. बैलांची मिरवणूक मारुतीच्या पारापासून पुढं सरकली आणि मागं राहिलेल्या चार-पाच पोरांनी मोटारसायकली काढल्या. सिमेंटच्या रस्त्यावर बादलीभर पाणी ओतलं, पुढचा ब्रेक दाबून धरला, गिअर टाकला आणि अॅक्सिलेटर पिळला. गाडी जागेवर आणि मागचं चाक गरागरा. थोड्याच वेळात पाणी उडालं, पांढरा धूर निघाला, रबर जळाल्याचा वास सुटला. पोरं याला ‘बर्नआउट’ म्हणतात. शेवटची बैलजोडी बुजली, एका आजोबांच्या हातातला कासरा सुटला. कोणाला लागलं नाही हे नशीब. पण तेवढ्यात एका गाडीतून वेगळाच वास येऊ लागला. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पुढं जाईना. क्लच प्लेटी जळाल्या होत्या.

गाडी वडिलांच्या नावावर. सोयाबीनच्या पट्टीतून निम्मे पैसे भरलेले, निम्मे फायनान्सचे हप्ते. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं फवारणीचं विचारायला आले आणि बोलणं गाडीवरच गेलं. म्हणाले, “साहेब, पिकावर अळी पडली तर तुम्हाला विचारता येतं. गाडीचं कुणाला विचारू?” विषय आमच्या खात्याचा नाही, हे कबूल. पण दूध डेअरीला, खत बांधावर आणि आजारी माणूस दवाखान्यात आज दुचाकीवरूनच जातो, मीही याच रस्त्यांनी रोज फिरतो. म्हणून दोन गोष्टी लिहितो.

आधी धुराचं पाहू. १०० सी.सी.ची गाडी ही ओझं कमी, पेट्रोल कमी या हिशेबानं बनवलेली असते. तिच्यात कोरड्या रस्त्यावर चाक फिरवण्याइतकी ताकद नसते, म्हणून पोरं पाणी ओततात नाहीतर वाळू टाकतात. तरीही चाक अडलं की क्लच अर्धवट दाबून इंजिन चढवतात. इंजिनची सगळी ताकद मग प्लेटींच्या घासण्यात जाते आणि त्यांचं अस्तर करपतं. दुसरं असं, की या इंजिनला थंड करते ती समोरून येणारी हवा. सबमर्सिबल मोटर पाण्याशिवाय चालवली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. जागेवर उभं राहून रेस केलेल्या इंजिनचं तेच होतं.

टायरचं नुकसान उशिरा कळतं. मधलं रबर जाऊन टायर चपटं होतं, नक्षी पुसली जाते. टायरच्या बाजूला बारीक त्रिकोणाची किंवा ‘टी.डब्ल्यू.आय.’ अशी खूण असते. त्या रेषेत खाचेमध्ये रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की टायर संपलं. अशा टायरवर दोन्ही बाजूला दुधाचे कॅन बांधून ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर काय होईल, याचा विचार पोरगं धूर काढताना करत नाही. तो आपण करायचा.

सरपंच आणि पोलीस पाटलांसाठी थोडं कायद्याचं. रस्त्यावरचा हा प्रकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक चालवणं, यात बसू शकतो. पोरगं १८ वर्षांच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९क पाहा. गुन्हा घडल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. ग्रामसभेत हे एकदा वाचून दाखवलं तरी पुष्कळ.

आता गॅरेजचं. माझ्याच गाडीचा क्लच मागे घसरू लागला होता. तालुक्याला एका सर्व्हिस सेंटरला नेली. न खोलताच सांगितलं, “प्लेटी, केबल, सगळं बदलावं लागेल.” मी गाडी परत आणली आणि गावातल्या पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं क्लचचा दांडा बोटानं हलवून पाहिला. त्याला ढिल उरलीच नव्हती. बहुतेक गाड्यांना दांड्याच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिल लागते. ती नसेल तर प्लेटी पूर्ण चिकटत नाहीत आणि घसरत राहतात. त्यानं नट दोन आटे फिरवला, काम झालं. चहाचे पैसे घेतले, तेही मी बळंच दिले.

म्हणून गावचा मिस्त्री तेवढा चांगला, असं समजू नका. त्याच मिस्त्रीकडं माझ्या मेहुण्याची नवी गाडी दोन दिवस अडकली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. आवाज ऐकून कार्ब्युरेटर लावणारा हा माणूस, पण मीटरवरचा पिवळा दिवा कशानं लागलाय ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, आणि स्कॅनर त्याच्याकडं नव्हता. अखेर गाडी टेम्पोत घालून तालुक्याला न्यावी लागली. तेव्हा वॉरंटीत असलेली आणि इंजेक्शनची गाडी कंपनीच्या सेंटरला, ब्रेक, चेन, केबल, पंक्चर गावात, असा माझा हिशेब आहे.

कुठंही न्या, पण काढलेला जुना पार्ट परत मागा. पक्कं बिल घ्या, जॉब कार्ड जपून ठेवा. ऑइल घेताना डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलंय का पाहा; कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून ओतलं तर चांगला क्लचही घसरू शकतो. आणि न केलेल्या कामाचे पैसे लावले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.

त्या पोळ्याच्या गाडीचं म्हणाल तर वडील स्वतः शेडमध्ये बसून राहिले, नव्या प्लेटी टाकून घेतल्या आणि काळ्या पडलेल्या जुन्या मागून घेतल्या. त्या आता ओसरीत खुंटीला टांगल्यात, पोरगं रोज त्यांच्याखालून कॉलेजला जातं. टायर मात्र तेच आहे. तूर आली की बदलू, म्हणाले. मी म्हटलं, काका, तूर यायला डिसेंबर उजाडेल आणि पाऊस अजून महिनाभर आहे.