काच वितळू न देता मीना कसा वितळवायचा

मामलुक सुलतानांच्या राज्यात, तेराव्या-चौदाव्या शतकांत, कैरोच्या मशिदींत टांगले जाणारे काचेचे दिवे पाहिले की डोळा आधी सोनेरी-निळ्या नक्षीवर जातो. ती नक्षी काचेवर बसवणे हेच त्या कारागिरीतले सर्वांत अवघड काम होते.

काच बनायची वाळूची किंवा कुटलेल्या गारगोटीची, आणि खारट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेची. नुसती वाळू वितळायला सुमारे 1700 अंश सेल्सिअस लागतात. राखेतल्या सोड्यामुळे हेच काम 1100 अंशांच्या आसपास भागते. राखेतला चुना काचेला टिकाऊपणा देतो. जुनी फुटकी काचही भट्टीत जायची. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, सेर्चे लिमानी इथे, अकराव्या शतकात बुडालेल्या जहाजात अशी सुमारे 3 टन काच सापडली.

फुंकनळीच्या टोकावरचा गोळा फुगवला की तळाला भरीव सळई चिकटवायची आणि नळी तोडायची. मग मोकळे झालेले तोंड तापवून पसरट करायचे आणि टांगण्यासाठी अंगावर मऊ काचेच्या कड्या ओढायच्या. दिवा सावकाश थंड करायचा, घाई केली तर तो तडकतो.

मीना म्हणजे रंगीत काचेचीच बारीक पूड. पांढऱ्यासाठी कथील, लालसाठी लोहाची माती, निळ्यासाठी कधी चक्क कुटलेला लाजवर्द! सोने आणि मीना कुंचल्याने लावून झाले, की दिवा पुन्हा सळईवर घेऊन भट्टीच्या तोंडाशी फिरवत राहायचा. काही मीन्यांत शिसे असते, त्यामुळे ते भांड्याआधी मऊ होतात. पण दोन्हींमधले अंतर थोडेच. उष्णता कमी पडली तर रंग चिकटत नाही, जास्त झाली तर अख्खा दिवा बसतो. हे सारे तापमापकाशिवाय, ज्वाळेच्या आणि काचेच्या रंगावरून ओळखायचे. मला या कारागिरांची थोरवी इथेच दिसते.

दिव्यात पाणी, वर तेल आणि त्यात वात. पोटावरच्या लेखात पुष्कळदा जमीन निळ्या मीन्याने भरून अक्षरे तेवढी मोकळी सोडत. वात पेटली की उजेड त्या अक्षरांतूनच बाहेर पडे. गळ्यावर बहुधा कुराणातील नूर सुरेतली 35वी आयत असे. तिच्यात ईश्वरी प्रकाशाला काचेतल्या दिव्याची उपमा आहे.

सुलतान हसनच्या मशिदीतले असे अनेक दिवे आज कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात आहेत. तिथे गेलात तर काचेतले बारीक बुडबुडेही जवळून पाहा.