गच्चीवरचं हाडांचं कपाट

वैशाखात सावेडीतल्या आमच्या गच्चीवर झाकणाची एक बादली ठेवलेली असते. आत पाणी, आणि पाण्यात शेळीची मुंडी. खाटकाकडून आणली, कातडं आणि जमेल तेवढं मांस सोडवलं, उरलेलं काम पाण्यावर सोपवलं. नगरच्या उन्हात बादलीतलं पाणी दिवसभर कोमट राहतं आणि त्यातले जिवाणू हाडाला चिकटलेला मऊ भाग खाऊन टाकतात. थंडीत हेच काम महिनोन्महिने रेंगाळतं. वास असह्य असतो. म्हणून शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत नाहीत असा दिवस बघून झाकण काढायचं, पाणी उपसून झाडाच्या आळ्यात ओतायचं, पण फडक्यातून गाळून. हे गाळणं फार महत्त्वाचं. कुजलेल्या हिरड्यांतून दात सुटतात, आणि घाईत ओतलेल्या पाण्याबरोबर जातात ते नेमके पुढचे बारीक दात.

शेळीला पुढचे दात आठ, आठही खालच्या जबड्यात. वर दातांऐवजी कडक गादी असते, तिच्यावर पाला दाबून ती तोडते. दाढा चोवीस. एकूण बत्तीस, म्हणजे आपल्याइतकेच. हे मला पुस्तकातून कळलं असतं, पण फडक्यावर बत्तीस दात मोजल्यावर ते जसं लक्षात राहिलं तसं एरवी राहिलं नसतं.

जनावरांची हाडं गोळा करून, साफ करून, जपून ठेवण्याचा छंद आपल्याकडे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. टपाल तिकिटं, नाणी, शंखशिंपले घरात चालतात. हाड म्हटलं की स्मशान आठवतं, विटाळ आठवतो. पण नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला हाडं वाचता येणं म्हणजे पायाखालची जमीन वाचता येणं आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचं नाव तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या संस्कृतीला मिळालं, ते १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथे केलेल्या उत्खननामुळे. नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ पासून उत्खनन झालं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझची चार शिल्पं सापडली. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ती चार, सगळी मिळून साठ किलोंच्या वर. त्यांची छायाचित्रं शाळेच्या पुस्तकांत येतात. त्याच काळच्या माणसांनी खाऊन टाकलेल्या हाडांची छायाचित्रं कुठे येत नाहीत, आणि ती माणसं रोज कशी जगत होती ते मात्र हाडंच सांगतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हे वाचन शास्त्र म्हणून उभं राहिलं. गुजरातेतल्या लांघणजच्या उत्खननातली हाडं ज्युलियट क्लटन-ब्रॉक यांनी तपासली, तो अहवाल कॉलेजने १९६५ मध्ये छापला. पुढे जी. एल. बदाम यांनी हिमयुगातल्या प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम केलं. पी. के. थॉमस आणि त्यांच्यानंतर प्रमोद जोगळेकर यांनी उत्खननातल्या पाळीव आणि रानटी जनावरांच्या हाडांचा अभ्यास पुढे नेला. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी, १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन चाललं. तिथल्या हाडांत गाईबैलांचा वाटा मोठा. काही हाडांवर सुरीच्या खुणा, काही जळालेली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला चित्र पालटतं. गुरं कमी होतात, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढते. पाऊस घटला, शेती आटली, लोक मेंढरांमागे फिरू लागले, असा अर्थ तिथे उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांनी लावला. दुष्काळात बैल विकून दोन शेळ्या राखणारं घर आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

असलं वाचन करायचं तर हातात खात्रीची हाडं हवीत. हे हाड शेळीचंच, ही मेंढीच, हा रेडाच, हे पक्कं ठाऊक असलेला संग्रह. प्रयोगशाळेत त्याला तुलनात्मक संग्रह म्हणतात. माझं कपाट म्हणजे त्याचं घरगुती रूप. मेंढी आणि शेळी जिवंत असताना लहान मूलही ओळखतं, पण दोघींची हाडं वेगळी काढणं इतकं अवघड की जर्मनीत बोएसनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये फक्त या एका फरकावर मोठा प्रबंध लिहिला. पायाच्या नळीचं खालचं टोक, शिंगाच्या आतल्या हाडाचा आकार, खवाट्याची मान अशा जागा एकेक करून बघाव्या लागतात. माझ्याकडे दोन्हींचे खवाटे शेजारी शेजारी आहेत. अजूनही त्यांवरचे आकडे झाकून ओळखायला गेलो की दहातल्या दोन-तीन वेळा चुकतो.

गाईबैलांचं त्याहून सोपं, पण तिथेही एक गंमत आहे. आपल्या देशी बैलाचं वशिंड म्हणजे नुसतं मांस आणि चरबी, त्यात हाड नाही. मग मेलेल्या बैलाला वशिंड होतं हे तीन हजार वर्षांनी कसं कळावं? पाठीच्या काही मणक्यांवर जो उभा काटा असतो, त्याचं टोक वशिंडाच्या जातीत दुभंगलेलं असतं. असा एक मणका मातीत मिळाला की तो बैल आपला खिल्लारीचा, डांगीचा भाऊबंद हे ठरतं.

दातांची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय. घोडेगावच्या, लोणीच्या किंवा काष्टीच्या बाजारात जा. दलाल बैलाचा खालचा ओठ खाली ओढतो, एक नजर टाकतो आणि वय सांगतो. आदत म्हणजे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही कायमचे दात आले की जुळलेला. पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी येते, जुळायला चार वर्षांच्या आसपास लागतात. जुळल्यानंतर मात्र दातांची झीज बघावी लागते, आणि तिथे दलालाचा अनुभव कसाला लागतो. सेबॅस्टियन पेन या इंग्रज संशोधकाने १९७३ मध्ये तुर्कस्तानातल्या जबड्यांवर नेमकं हेच केलं. दाढांच्या झिजेवरून शेळ्यामेंढ्या कोणत्या वयात मारल्या ते काढलं, आणि त्यावरून कळप मांसासाठी होता, दुधासाठी होता की लोकरीसाठी ते सांगण्याची रीत बसवली. दुधासाठी पाळणारा नर लवकर काढून टाकतो. लोकरीसाठी पाळणारा म्हाताऱ्या मेंढ्याही ठेवतो. आमच्याकडचा धनगर हे ऐकून मान डोलावेल आणि यात नवं काय, असं विचारेल.

हाडाचं ज्ञान इथे कधीच नव्हतं असं नाही. ते ज्यांच्याकडे होतं त्यांना आपण ज्ञानी म्हटलं नाही. गावात जनावर मेलं की ते ओढून नेण्याचं काम महारांवर लादलेलं होतं. वतनाच्या जमिनीचं नावच हाडकी हाडवळा. मेलेल्या ढोराचा सांधा कुठे सुटतो, कोणतं हाड कुठे संपतं, हे त्या हातांना जितकं ठाऊक होतं तितकं कुठल्या वैद्याला नसेल. आणि त्याच हातांना त्यासाठी गावाबाहेर ठेवलं गेलं. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत मांस सोडण्याचं आवाहन केलं, तिथून ढोर ओढण्याला नकार देणं हीच स्वाभिमानाची खूण झाली. ही वतनं कायद्याने संपली ती १९५९ पासून. अकोले तालुक्यातल्या धामणगावात जन्मलेल्या दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ १९७८ चं. ते वाचलेल्या नगरकराने हाडांचा छंद म्हणून उल्लेख करताना थोडं थांबलं पाहिजे. मला बादलीतली मुंडी साफ करताना कुणी गावाबाहेर काढत नाही. जे काम दुसऱ्याच्या पिढ्यांवर लादलं गेलं ते मी हौस म्हणून करतो, आणि ही मोकळीक मला जन्माने मिळाली आहे, हे मला प्रत्येक वेळी जाणवतं.

ढोरं फाडायच्या जागेवर आणखी एक कामकरी होता. गिधाडं. थव्याने उतरली की तासा-दोन तासांत मोठं जनावर सांगाड्यावर यायचं. नव्वदच्या दशकात ती झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडात जातं आणि ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली हजारातली नऊशे नव्व्याण्णवांच्या आसपास संपली होती. आता रस्त्याकडेच्या सांगाड्यांवर कुत्री असतात. ती हाडं चघळतात, टोकं खाऊन टाकतात, आणि सांध्याशिवाय हाड वाचताच येत नाही. गिधाडाने साफ केलेली पांढरीशुभ्र अखंड कवटी माळावर उचलायला मिळण्याचे दिवस गेले, ही खंत मनातून जात नाही.

माळावरचं हाड उचलण्याआधी दोन गोष्टी मनाशी पक्क्या हव्यात. पहिली, फाशी हा गुरांचा रोग. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून काळं न गोठणारं रक्त आलं असेल, तर त्या जागेपासून लांब राहायचं. या रोगाचे बीजाणू मातीत आणि हाडात कित्येक वर्षं टिकतात आणि माणसाला काळपुळी होते. कारण माहीत नसलेल्या मृत जनावराला मी हात लावत नाही. दुसरी गोष्ट कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातलं जनावर मेलेलं सापडलं तरी ते, त्याचं शिंग, कातडं, दात, हाड, सरकारी मालमत्ता असते. हाती आलंच तर अठ्ठेचाळीस तासांत कळवायचं असतं. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झालं. काळविटाचं शिंग जन्मभराचं, चितळाचं मात्र दरवर्षी गळून पडतं. पण गळून पडलेलंही घरी आणायचं नाही. ज्याला बिबट्याची कवटी जवळून बघायची असेल त्याने संग्रहालयात जावं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात कुदळ घालण्याचा मोहही तसाच टाळायचा. तिथलं हाड थरासकट निघालं तरच बोलतं, आणि थर उलगडणं हे उत्खनकाचं काम.

मग उरतं काय? शेळी, मेंढी, कोंबडी, मासे, आणि ओळखीच्या घरी म्हातारपणाने गेलेली गाय किंवा बैल. एवढ्यावर आयुष्य जाईल.

सुरुवात करणारे बहुतेक एकच चूक करतात. ते हाड उकळतात. खळखळत्या पाण्यात चरबी हाडाच्या आत शिरते, दातांना तडे जातात. वर्षभराने कवटी पिवळी पडते आणि हाताला तेलकट लागते. चरबी काढायची ती कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून, पाणी बदलत, आठवडेच्या आठवडे. गुरांची नळी तर तीन महिने घेते. पांढरं करायचं असेल तर औषधाच्या दुकानातलं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीचिंग पावडरीला कधीही हात लावायचा नाही. ती हाडातलं प्रथिन खाते आणि हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज, बाकीचं प्रथिन. कोंबडीची तंगडी आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. निखाऱ्यात जाळा, प्रथिन जातं आणि बोटाने दाबलं की चुरा होतो. शाळेतल्या मुलांना हे दोन्ही दाखवलं की हाड म्हणजे दगड नव्हे हे त्यांना शिकवावं लागत नाही.

याच रसायनामुळे नगर जिल्हा हाडांच्या बाबतीत भाग्यवान आहे. कोकणातल्या तांबड्या आम्लधर्मी जांभ्यात हाड टिकत नाही. आमच्या काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात चुनखडी असते. शेवगाव तालुक्यातल्या मुंगी गावाजवळ गोदावरीच्या गाळात विन या भूगर्भशास्त्रज्ञाला माणसाने घडवलेलं अकीकाचं पातं सापडलं होतं, ते १८६८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच नदीवर नांदूर मध्यमेश्वरला मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं. आज जिथे ऊस उभा आहे तिथे हत्ती चरत होते.

गोळा करणारेही इथे आधी होऊन गेले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला राहिलेले अमेरिकन मिशनचे सॅम्युअल फेअरबँक पक्षी आणि गोगलगाई जमवत. दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याला निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये त्यांचंच नाव दिलं. त्यांच्यासारख्यांचे नमुने दीडशे वर्षांनंतरही कामाला येतात, ते प्रत्येकाला जोडलेल्या चिठ्ठीमुळे. कुठे, केव्हा, कुणी.

माझ्या कपाटात म्हणून हाडापेक्षा वहीला जास्त जपतो. प्रत्येक हाडावर काळ्या शाईने आकडा, आणि वहीत त्या आकड्यापुढे जनावर, नर की मादी, वय, गाव, तारीख, कसं गेलं. डावं की उजवं. सुरुवातीच्या काळातली सात-आठ सुंदर हाडं माझ्याकडे आहेत, ज्यांच्याबद्दल मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. ती शोभेला आहेत, त्यांचा दुसरा उपयोग नाही.

एक कप्पा रिकामा आहे. दुभंगलेल्या काट्याच्या मणक्यासाठी तो राखला आहे. नेवासे तालुक्यातल्या एका स्नेह्यांचा खिल्लारी बैल चार वर्षांपूर्वी गेला. वय झालं होतं, सोळा वर्षं त्याने त्यांची जमीन कसली. त्यांनी बांधाला खड्डा काढून, मीठ घालून, वर नारळ फोडून त्याला पुरला. एवढ्या काळात काळ्या मातीत सांगाडा अगदी स्वच्छ झाला असणार. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना भीत भीत विचारलं. त्यांनी रागावून नकार दिला नाही. मला बांधावर घेऊन गेले, तिथे लावलेलं कडुलिंबाचं रोप दाखवलं, आणि त्याच्या मुळाशी आता कुदळ नको म्हणाले. परत येऊन मी वहीत बैलाची नोंद केली. जात, वय, गाव, गेल्याची तारीख, सगळं लिहिलं. हाडाच्या रकान्यात जागा लिहिली.