झोप येणे आणि झोपविणे : तान्ह्या मुलाच्या दिवसाच्या निद्रेविषयी

'मुलाला झोप येते' आणि 'आई मुलाला झोपविते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. दोन्हींत 'मुलाला' हे रूप एकच; बदलतो तो कर्ता. पहिल्या वाक्यात कर्तृत्व झोपेकडे आहे. भूक लागते, थंडी वाजते, तशी झोप येते, आणि मूल तिचा केवळ अनुभव घेते. दुसऱ्या वाक्यात प्रयोजक क्रियापदाने सारे कर्तृत्व आईकडे सोपविले आहे. दिवसा झोपावयास तयार नसलेल्या मुलाच्या घरी जी ओढाताण चालते, ती पुष्कळशी या दोन वाक्यांमधील अंतरातून उत्पन्न होते. घरातील मंडळी दुसरे वाक्य खरे करू पाहतात. मुलाचे शरीर मात्र पहिल्या वाक्याच्या नियमाने चालते.

भाषेच्या व्याकरणावरून शरीराचे नियम सिद्ध होत नाहीत, हे उघड आहे. तथापि निद्राविषयक संशोधनातून जे निष्पन्न झाले आहे, ते या बाबतीत पहिल्या वाक्याशी जुळते. झोप आणता येत नाही; तिच्या येण्याची वाट मोकळी करता येते. ही वाट कोणती, ती का अडते आणि ती मोकळी करण्यात आपल्या वाणीचा वाटा किती, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय बालसंगोपनाचा असला तरी तो भाषाभ्यासकाला परका नाही. शब्द येण्यापूर्वी मूल खुणांनी बोलते, आणि दिवसाच्या झोपेचा भाषाग्रहणाशी काही संबंध आहे, असे मानण्यास आता सबळ आधार मिळाला आहे.

१. दिवसाची झोप नाजूक का?

आपल्या प्राचीन वैद्यकाने दिवसाच्या झोपेस सामान्यतः निषिद्ध मानले. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्यांना ती विहित सांगितली आहे त्यांत बालकांचा समावेश आहे. आधुनिक संशोधनही लहान मुलांची झोप दिवस-रात्र मिळूनच मोजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास आणि एक ते दोन वर्षांच्या वयात ११ ते १४ तास झोप आवश्यक असते. यात दिवसाची झोप धरलेली आहे. या मर्यादांमधील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. शेजारच्या घरातील मूल दुपारी तीन तास झोपते एवढ्यावरून आपले मूल कमी झोपते असा निष्कर्ष निघत नाही.

झोपेचे नियमन दोन प्रक्रियांनी होते, असा सिद्धांत अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडला. जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर झोपेची ओढ साचत जाते, ही पहिली प्रक्रिया; शरीरातील चोवीस तासांची लय, ही दुसरी. रात्री या दोन्ही प्रक्रिया एकाच दिशेने काम करतात. दिवसा मात्र लय जागेपणाच्या बाजूची असते आणि झोप केवळ साचलेल्या ओढीच्या बळावर येते. जन्मतः ही लय जवळजवळ नसते. ती दोन-तीन महिन्यांच्या सुमारास आकार घेऊ लागते. म्हणूनच महिनाभराचे मूल कोठेही, कधीही झोपते आणि चार-पाच महिन्यांचे तेच मूल दिवसा झोपेला नकार देऊ लागते. याच वयात त्याला भोवतालच्या जगाचीही गोडी लागलेली असते. आईला जो हट्ट वाटतो, तो वस्तुतः वाढीचाच एक भाग असतो.

झोपेच्या आवर्तनाचाही विचार केला पाहिजे. तान्ह्या मुलाचे एक आवर्तन सुमारे पन्नास ते साठ मिनिटांचे असते आणि नवजात अर्भकाच्या झोपेचा जवळजवळ अर्धा भाग सक्रिय निद्रेचा असतो. या अवस्थेत मूल हसते, कण्हते, हातपाय हलविते. एवढ्यावरून ते जागे झाले असे समजून त्याला उचलले, की खरोखरच त्याची झोपमोड होते. दिवसाची झोप अनेकदा अर्ध्या-पाऊण तासाने मोडते, तीही आवर्तनाच्या अशाच एखाद्या सांध्यावर. अशा वेळी दोन-चार मिनिटे थांबावे, हलके थोपटावे. पुष्कळदा मूल स्वतःच पुन्हा झोपी जाते.

२. खुणांची भाषा

'बाळ झोपेला आले आहे' हा आपल्या घरातला नित्याचा वाक्प्रचार. झोप मुलाकडे येते तसे मूलही झोपेकडे येते, आणि येताना ते खुणा करीत येते. मराठीने या खुणांना स्वतंत्र नावे दिली आहेत : मूल आळसावते, जांभया देते, डोळे चोळते, पेंगुळते, त्याच्या डोळ्यांवर झापड येते. याहूनही आधीच्या खुणा सूक्ष्म असतात. खेळातले लक्ष उडते, नजर शून्यात लागते, हालचाल मंदावते, माणसाकडे पाहणारे तोंड दुसरीकडे वळते. किरकिर ही या मालिकेतील शेवटची खूण होय, आणि रडून आकांत मांडणे ही वेळ टळून गेल्याची खूण. वेळ टळली की थकलेले शरीर उलट उत्तेजित होते, आणि झोप अत्यंत आवश्यक असतानाच ती सर्वांत अवघड होऊन बसते.

बहुतेक घरांत चूक होते ती येथे. किरकिर ही पहिली खूण समजून तयारीला तेव्हा आरंभ होतो. दिवसा न झोपणाऱ्या मुलाबाबतचा पहिला उपाय म्हणून पाळणा नव्हे, तर निरीक्षण सांगावे लागते. चार-पाच दिवस मूल केव्हा उठले, पहिली खूण केव्हा दिसली आणि झोप केव्हा लागली याची साधी नोंद ठेवावी. सर्वसाधारण अनुभव असा, की तीन-चार महिन्यांचे मूल दीड ते दोन तास, सात-आठ महिन्यांचे दोन ते तीन तास आणि वर्षाचे मूल तीन-चार तास सलग जागे राहू शकते. परंतु आपल्या मुलाची नोंद या आकड्यांशी जुळत नसेल, तर नोंदच प्रमाण मानावी.

याच्या उलटही घडते. झोपेची पुरेशी ओढ साचण्यापूर्वीच मुलाला पाळण्यात घातले जाते. मूल मोठे होते तसतशा दिवसाच्या झोपा कमी होतात : सहा महिन्यांच्या सुमारास तीन, नऊ महिन्यांच्या सुमारास दोन, दीड वर्षाच्या आसपास एक, आणि तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही सुटते. या प्रत्येक संक्रमणकाळी काही आठवडे नकाराचे जातात. आधीच्या वयाचे वेळापत्रक तेव्हा उपयोगी पडत नाही.

३. क्रम आणि वाणी

आपण मुलाच्या खुणा ओळखावयाच्या, तशाच आपणही त्याला खुणा द्यावयाच्या असतात. आणि खुणेला अर्थ येतो तो पुनरावृत्तीने. तेल लावणे, आंघोळ, दूध, पाळणा हा आपल्याकडील जुना क्रम एखाद्या वाक्यासारखाच आहे. पहिले पद ऐकताच पुढच्या पदाची अपेक्षा निर्माण होते. रोज सर्व क्रम करणे शक्य नसते. त्याची गरजही नाही. खिडकीचा पडदा ओढणे, लंगोट बदलणे, मांडीवर घेऊन एक ठरलेले गाणे म्हणणे आणि खाली ठेवणे, एवढ्या चार पायऱ्या दहा मिनिटांत होतात. मात्र त्या रोज त्याच क्रमाने आणि शक्यतो त्याच जागी झाल्या पाहिजेत. आंघोळीनंतर धुरी देण्याची चाल तेवढी सोडून द्यावी. धूर अर्भकाच्या श्वसनमार्गास अपायकारक आहे.

या क्रमात वाणीचे स्थान मोठे आहे. अशोक केळकर यांनी मराठीतील बालभाषेचे वर्णन १९६४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषांच्या तुलनेत मराठीचा समावेश केला. 'गाईगाई', 'जोजो' यांसारखे द्विरुक्त, स्वरप्रधान शब्द आपण झोपेच्या वेळी सहज योजतो. 'जोजविणे' हे क्रियापद तर 'जो जो' या उच्चाराशीच निगडित आहे. पण मुलाला शब्दाआधी सूर कळतो. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८९ मधील आपल्या अभ्यासात दाखविले, की मुलांशी बोलताना सुरांच्या आकृतीतूनच हेतू अधिक स्पष्टपणे व्यक्त होतो. लक्ष वेधणारा सूर उंच आणि चढता असतो, सांत्वनाचा खालचा आणि उतरता. 'झोप, झोप रे आता' हे चढ्या सुरात म्हटले, तर शब्द झोपेचे आणि सूर जागे करण्याचा असा विरोध उत्पन्न होतो. मूल अर्थातच सुराचे ऐकते. २०२१ मध्ये हार्वर्ड येथील संशोधकांनी अपरिचित भाषांतील अंगाईगीते अर्भकांना ऐकविली, तेव्हाही इतर गाण्यांच्या तुलनेत त्यांच्या हृदयाची गती मंदावल्याचे दिसून आले. आईचा गळा गोड नसला तरी अडत नाही. संथ लय आणि उतरता सूर पुरे.

रडणाऱ्या मुलासंबंधी जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक उपयुक्त निरीक्षण प्रसिद्ध केले. रडणाऱ्या मुलाला घेऊन पाच मिनिटे एकसारखे चालावे, झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे बसून राहावे आणि मग खाली ठेवावे. मूल जागे होते ते बहुधा आपल्या अंगापासून दूर होण्याच्या क्षणी. झोप थोडी मुरल्यावर हा धोका कमी होतो. खांद्यावरच झोपण्याची सवय कमी करावयाची असल्यास दिवसातील एकाच झोपेला, पेंगुळलेल्या पण जाग्या अवस्थेत, मुलाला खाली ठेवून पाहावे. ही सवय सावकाश लागते.

वीस-तीस मिनिटे होऊनही झोप न आल्यास प्रयत्न थांबवावा, मुलाला उजेडात न्यावे आणि काही वेळाने पुन्हा आरंभ करावा. झगडा लांबला, की पाळणा हीच जागेपणाची खूण होऊन बसते.

४. झोप आणि भाषाग्रहण

रेबेका गोमेझ आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. पंधरा महिन्यांच्या मुलांना एक कृत्रिम भाषा ऐकविण्यात आली. तीत पहिल्या आणि तिसऱ्या पदांत निश्चित संबंध होता आणि मधले पद बदलते होते, आपल्या 'जर... तर' या जोडीसारखा हा दूरान्वय. मधल्या काळात झोपलेल्या मुलांनी हा नियम नव्या पदांना लागू केला. न झोपलेल्यांना केवळ ऐकलेली पदे आठवत होती. २०१५ मध्ये झेहागेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहा व बारा महिन्यांच्या मुलांत असे आढळले, की नवीन कृती पाहिल्यानंतर चार तासांच्या आत किमान अर्धा तास सलग झोपलेल्या मुलांनाच ती लक्षात राहिली. एखादी झोप चुकली म्हणून मूल भाषेत मागे पडेल, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही. परंतु दिवसाची झोप ही शिकण्यातली खोटी नसून शिकण्याचाच एक टप्पा आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

५. झोप आणि गुंगी

'झोपविणे' या क्रियापदाचा अतिरेक काय करू शकतो, याची साक्ष मुंबईच्या इतिहासात आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या बहुसंख्य अर्भकांना अफू दिली जात असल्याचे आढळले. 'बाळागोळी' या लाडक्या नावाखाली ती गोळी विकली जाई. त्या मातांना दोष देणे अन्यायाचे होईल. दिवसभर यंत्रावर उभे राहावयाचे आणि मूल सांभाळावयास कोणी नाही, अशा स्थितीने ती गोळी त्यांच्या हाती दिली होती. आज ती गोळी गेली असली तरी गुटीत जायफळाचे अधिक वेढे देणे किंवा सर्दी-खोकल्याचे औषध झोपेसाठी पाजणे हे प्रकार चालू आहेत. यांपैकी कशानेही झोप येत नाही, गुंगी येते. जायफळाची मात्रा निश्चित नसते आणि अधिक झाल्यास ते अर्भकाला विषारी ठरते. मराठीने या दोन अवस्थांना दोन शब्द दिले आहेत. तो भेद घरातही पाळला जावा.

दिवसाच्या झोपेलाही रात्रीचेच सुरक्षिततेचे नियम लागू आहेत. मुलाला पाठीवर, सपाट व घट्ट गादीवर ठेवावे; मोहरीची उशी, सैल दुपटी, मऊ खेळणी जवळ नसावीत; कुशीवर वळू लागलेल्या मुलाला बाळुत्यात आवळून बांधू नये. झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वासास अडथळा होतो, म्हणून झोळीतील मुलाला नजरेआड करू नये. झोपेत घोरणे वा श्वास अडकणे, ताप, कानाला वारंवार हात नेऊन रडणे, वजन न वाढणे, यांपैकी काही असल्यास प्रश्न झोपेचा नसून वैद्यकाचा आहे. मूल सुखरूप असून आईचाच धीर सुटू लागला असेल, तर त्याला पाळण्यात ठेवून पाच मिनिटे बाजूला होण्यात काहीही गैर नाही. हे काम आजीने, वडिलांनी वाटून घ्यावे. ठरलेला क्रम आणि उतरता सूर कोणाच्याही वाणीत बसतो.

शेवटी अभ्यासकांसाठी एक सूचना. बालभाषेच्या शब्दांचे वर्णन आपल्याजवळ आहे. निजवितानाच्या वाणीचे, म्हणजे तिच्या सुराचे, लयीचे आणि विरामांचे, ध्वनिमुद्रणावर आधारलेले वर्णन मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी या बोलींतून गोळा करण्याजोगे आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय प्रबंधिकेसाठी घेतल्यास त्याचा उपयोग भाषाशास्त्राला होईल, आणि दुपारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या घरालाही.